'दोन किहोते'मधली गाणी खरी होती का, आणि ती वाजायची कशी?

प्रश्न थोडक्यात असा आहे: 'दोन किहोते' (आपल्याकडे बहुतेक जण डॉन क्विक्झोट म्हणतात) वाचताना दर दोन-चार प्रकरणांनी कुणीतरी जुन्या गाण्याच्या ओळी म्हणतं. ही गाणी लेखक सर्व्हान्तेसने रचली की आधीपासून होती? त्यांच्या चाली आज मिळतात का? ऐकायचं काय? आणि घरच्या गिटारवर त्यातलं काही वाजवता येईल का?

मी विहुएला (गिटारसारखं दिसणारं जुनं स्पॅनिश तंतुवाद्य) आणि जुन्या घडणीच्या गिटार वाजवतो, शिकवतो. हे संगीत माझ्या रोजच्या हातातलं आहे, त्यामुळे उत्तर लांबणार.

आधी सरळ उत्तर. कादंबरीतल्या गाण्यांचे ढोबळ दोन गट आहेत. काही सर्व्हान्तेसची स्वतःची आहेत: पहिल्या भागात मेंढपाळांच्या शेकोटीपाशी आन्तोनिओ रबेल या गजाने वाजवायच्या छोट्या वाद्यावर म्हणतो ते, दुसऱ्या भागात ड्यूकच्या वाड्यातली तरुणी आल्तिसिदोरा हार्पवर म्हणते ते, किहोते स्वतः रचून म्हणतो ते. पण पात्रं बोलता बोलता ज्या ओळी सहज फेकतात, त्या बहुतेक जुन्या आणि खऱ्या. त्यांना स्पॅनिशमध्ये 'रोमान्से' म्हणतात. १६०५ साली पहिला भाग छापला गेला तेव्हा त्यातल्या कित्येक शंभर वर्षांहून जुन्या होत्या आणि स्पेनमध्ये कुणालाही अर्धी ओळ म्हटली की पुढची पाठ असायची.

रोमान्सेचा साचा अगदी साधा. आठ-आठ अक्षरांच्या ओळी, कितीही. विषम ओळी मोकळ्या, सम ओळींच्या शेवटी स्वरांचा मेळ. आपलं यमक लागतं तसं पूर्ण यमक नाही. फक्त शेवटचे स्वर जुळले की झालं. 'सेरविदो', 'विनो', 'रोसिनो' यांत व्यंजनं वेगवेगळी, पण तिन्हींत 'इ' आणि मग 'ओ'. एवढ्या सैल बांधणीमुळे पाठांतर सोपं होतं आणि ऐन वेळी ओळ बदलणंही. ही गाणी आधी तोंडोतोंडी फिरली, मग एकच कागद दुमडून केलेल्या चार पानी चोपड्यांतून बाजारात विकली गेली. आंधळे गायक ती म्हणत आणि विकत. १५४७-४८ च्या सुमाराला आंतवर्पच्या मार्तिन नुसिओ या मुद्रकाने त्यांचा खिशात मावेल असा संग्रह काढला. सर्व्हान्तेसचा जन्म १५४७ चा, म्हणजे तो आणि हे पुस्तक जवळजवळ एका वयाचे.

आता एक रोमान्से जवळून पाहू, कारण सगळ्या कादंबरीतली गंमत त्यात सापडते.

पहिल्या भागाच्या दुसऱ्या प्रकरणात, सरदारांच्या कथा वाचून स्वतःलाच तसा सरदार समजू लागलेला किहोते दिवसभर घोडं दामटून एका खाणावळीशी येतो. ती त्याला किल्ला वाटते. दारातल्या दोन वेश्या त्याला राजघराण्यातल्या स्त्रिया वाटतात. त्या त्याचं चिलखत सोडवायला लागतात आणि हा आनंदाने म्हणू लागतो:

नुंका फुएरा काबाय्येरो
दे दामास तान बिएन सेरविदो
कोमो फुएरा दोन किहोते
क्वान्दो दे सु आल्देआ विनो

अर्थ असा: स्त्रियांनी कुठल्याही सरदाराची इतकी सेवा केली नसेल, जितकी दोन किहोतेची झाली, तो आपल्या गावाहून आला तेव्हा. पुढे तो म्हणतो, कुमारिका त्याची काळजी घेत होत्या आणि राजकन्या त्याच्या घोड्याची.

मूळ गाणं आर्थर राजाच्या कथांतल्या लान्सलॉट या सरदाराचं आहे, स्पॅनिशमध्ये 'लान्सारोते'. मोजून पाहा: लान्-सा-रो-ते, चार अक्षरं. दोन-कि-हो-ते, चार अक्षरं. शेवटही तोच, 'ओते'. नाव बदलताना चालीतला एकही सूर हलवावा लागत नाही. मी विद्यार्थ्यांना हे गाऊन दाखवतो तेव्हा आधी मूळ म्हणतो, मग किहोतेचं. स्पॅनिश न येणाऱ्याला दुसऱ्यांदा गाणं बदललं हे कळतही नाही. मूळ गाण्यात लान्सलॉट 'ब्रेतान्याहून' येतो, हा 'आपल्या गावाहून' येतो. मुळात सरदाराची काळजी वयस्क बायका घेतात आणि घोड्याची कुमारिका. किहोतेने सगळ्यांना एकेक पायरी बढती दिली. आणि मूळ गाण्यात लान्सलॉटच्या घोड्यालाही 'रोसिनो', म्हणजे साधं कामाचं तट्टू, असंच म्हटलं आहे. किहोतेच्या घोड्याचं नाव, रोसिनान्ते, कुठून आलं असेल याची ही एक वाट.

गोष्ट इथे संपत नाही. तेराव्या प्रकरणात तेच गाणं किहोते मूळ शब्दांत, इतिहासाचा पुरावा म्हणून म्हणतो. मग थेट दुसऱ्या भागात, एकतिसाव्या प्रकरणात, किहोतेचा सेवक सांचो ड्यूकच्या वाड्यात शिरतो आणि तिथल्या दोन्या रोद्रिगेस या वयस्क मानकरणीला सांगतो की जरा माझ्या गाढवाला तबेल्यात बांध. ती चिडते. हा म्हणतो, माझे धनी तर सांगतात, लान्सलॉट ब्रेतान्याहून आला तेव्हा स्त्रिया त्याची काळजी घेत होत्या आणि मानकरणी त्याच्या घोड्याची. माझं गाढव काही त्या घोड्यापेक्षा कमी नाही. बाईने त्याला लसूणखाऊ वगैरे जी शिवी घातली ती तुम्ही वाचली असेलच. एकच गाणं, आधी वेडाच्या भरात, मग पुरावा म्हणून, मग गाढवासाठी.

वाचताना माझ्या मते धरून ठेवण्यासारखं हेच आहे. गाणी फक्त किहोतेला येत नाहीत. ती सगळ्यांना येतात. त्याच दुसऱ्या प्रकरणात तो म्हणतो, शस्त्रं हाच माझा साज, लढाई हीच माझी विश्रांती. हीसुद्धा जुन्या रोमान्सेची ओळ. खाणावळवाला एक क्षण न थांबता पुढची ओळ पुरी करतो: मग तुमचा बिछाना म्हणजे कठीण खडक आणि तुमची झोप म्हणजे जागरण. पाचव्या प्रकरणात मार खाऊन पडलेला किहोते मांतुआच्या मार्कीसचं (मार्कीस म्हणजे उमराव) गाणं म्हणतो, 'कुठे आहेस तू, माझं दुःख तुला कळत नाही का', तेव्हा निवेदक मध्येच सांगतो की ही कथा मुलांना ठाऊक आहे, तरुणांना अपरिचित नाही आणि म्हातारे तर ती खरीही मानतात. किहोते काय वेगळं करतो? तो गाण्यात राहायला जातो. शेजारी पेद्रो आलोन्सो त्याला उचलायला येतो, तर हा त्यालाच मार्कीस समजतो.

दोन्या रोद्रिगेसही काही कमी नाही. दुसऱ्या भागात स्पेनच्या जुन्या रोद्रिगो राजाचा विषय निघतो तेव्हा सांचो म्हणतो, जुनी गाणी खोटं बोलत नसतील तर राजाला सापांनी खाल्लं. ती लगेच म्हणते, खोटं कसं बोलतील! आणि गाणं उद्धृत करते: राजाला जिवंत थडग्यात ठेवलं, दोन दिवसांनी आतून आवाज आला, 'खाताहेत मला, खाताहेत, जिथे पाप जास्त केलं त्याच जागी.' वेडा ठरला तो एकटा किहोते. ही बाई शहाण्यांत मोडते.

हे कादंबरीपुरतं नव्हतं. १५१९ मध्ये मेक्सिको जिंकायला निघालेल्या स्पॅनिश सेनानी कोर्तेसची जहाजं मेक्सिकोच्या किनाऱ्याशी लागत होती तेव्हा त्याच्या एका सरदाराने त्याला मोन्तेसिनोसच्या रोमान्सेच्या ओळी ऐकवल्या, 'बघ फ्रान्स, मोन्तेसिनोस, बघ पॅरिस शहर', असं बर्नाल दिआस या सोबतच्या सैनिकाने लिहून ठेवलं आहे. अनोळखी किनारा दिसला की तोंडात गाणं यायचं.

आता चाली.

लिहिलेल्या चालींचे तीन मोठे साठे आहेत. पहिला राजदरबारातल्या गायकांचा हस्तलिखित संग्रह, 'कान्सिओनेरो दे पालासिओ', पंधराव्या शतकाच्या शेवटापासून सोळाव्याच्या सुरुवातीपर्यंतचा. त्यात रोमान्से तीन-चार आवाजांत बांधलेले आहेत, संथ, भारदस्त, चार ओळींना चार स्वरवाक्यं. दुसरा साठा विहुएलाच्या छापील पुस्तकांचा: लुइस मिलान, वालेन्सिया, १५३६, लुइस दे नारवाएस, वाय्यादोलिद, १५३८, आलोन्सो मुदारा, सेविय्या, १५४६, मग वाल्देर्राबानो, पिसादोर, फुएन्याना वगैरे. तिसरा माझा लाडका: सालामांकाचा आंधळा प्राध्यापक फ्रान्सिस्को सालिनास. त्याने १५७७ मध्ये लॅटिनमध्ये संगीतशास्त्राचा जाडजूड ग्रंथ लिहिला आणि छंद समजावताना उदाहरणं म्हणून रस्त्यावरच्या चाली सुरांसह टिपून ठेवल्या. दरबाराने सजवलेल्या नव्हेत, लोक म्हणत तशा.

तिन्हींत तुमच्या कामाचं एक गाणं उजवं आहे: काउंट क्लारोस. दुसऱ्या भागाचं नववं प्रकरण उघडा. पहिलंच वाक्य, 'मेदिआ नोचे एरा पोर फिलो', म्हणजे बरोबर मध्यरात्र झाली होती. ही त्या रोमान्सेची पहिली ओळ. गाण्यात पुढे कोंबडे आरवायच्या बेतात असतात आणि प्रेमाने तळमळणाऱ्या काउंट क्लारोसला झोप लागत नसते. सर्व्हान्तेस मात्र लगेच जोडतो: 'थोडं इकडे किंवा तिकडे'. बरोबर मध्यरात्र, अंदाजे! आणि कोंबड्यांऐवजी एल तोबोसो गावात कुत्री भुंकताहेत, मध्येच गाढव ओरडतंय, डुकरं गुरगुरताहेत, मांजरं ओरडताहेत. तळमळणारा प्रेमिक आहे, पण त्याला प्रेयसीचं घरच सापडत नाही. १६१५ साली दुसरा भाग छापला गेला तेव्हाच्या वाचकाच्या कानात ही ओळ वाचता वाचता चाल वाजली असणार, आणि 'अंदाजे'ला ती अडखळली असणार.

ती चाल आपल्याकडे आहे. सालिनासने दिली आहे: छोटी, थोड्याच सुरांत फिरणारी, दोन ओळींत संपणारी आणि पुन्हा सुरू होणारी. शंभर ओळींचं गाणं असलं तरी चाल एवढीच. जात्यावरच्या ओव्या ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना हे नवं नाही. एकाच चालीवर कितीही मजकूर जातो आणि कान शब्दांकडे लागतो. विहुएलावाल्यांनी याच चालीखालचा स्वरसंगतीचा सांगाडा उचलला, सा-म-प वर उभा राहणारा, आणि त्यावर 'दिफेरेन्सिआस' म्हणजे एकामागून एक रूपभेद रचले. नारवाएसने असे बावीस केले आहेत. एकात सूर धावतात, एकात दोन आवाज एकमेकांच्या मागे लागतात, एकात तार फक्त खर्जात बोलते. हे वाजवताना घाई करायची नाही. खाली तीच ओळ फिरतेय याचं भान श्रोत्याला राहिलं तरच वर काय चाललंय याची मजा.

लांब रोमान्से गाताना कंटाळा कसा टाळायचा? याचं उत्तर मिलानच्या पुस्तकात आहे. ही पुस्तकं सुरांऐवजी तक्त्यात लिहिलेली असतात: कुठल्या तारेवर कुठला पडदा दाबायचा त्याचे आकडे. त्यात गायकाच्या ओळीचे आकडे त्याच तक्त्यात लाल शाईने छापले आहेत, म्हणजे एकच माणूस वाजवून गाऊ शकतो. काही गाणी तो दोन प्रकारे देतो: एकात विहुएला साधी आणि गायकाला हरकती घ्यायची मोकळीक, दुसऱ्यात विहुएला धावते आणि गायकाने सरळ म्हणायचं. दोघांनी एकदम कसरत करायची नाही. हा नियम आजही पुरतो, आणि बऱ्याच रेकॉर्डिंगमध्ये तो पाळलेला नसतो.

आता जिथे लोक फसतात ते. मोन्तेसिनोसच्या गुहेच्या प्रकरणात दुरान्दार्ते थडग्यावर पडून म्हणतो, 'अरे माझ्या भावा मोन्तेसिनोस'. मरताना त्याने आपलं काळीज काढून प्रेयसी बेलेर्माला द्यायला सांगितलेलं असतं. (मोन्तेसिनोस सांगतो की वास येऊ नये म्हणून त्याने काळजाला थोडं मीठ लावलं. रोमान्सेत हे नाही. सर्व्हान्तेस स्वयंपाकघरातून विचार करतो.) मिलानच्या पुस्तकात 'दुरान्दार्ते, दुरान्दार्ते' नावाचं सुंदर गाणं आहे आणि कार्यक्रमांत ते हमखास या प्रसंगाला जोडलं जातं. पण ते वेगळं रोमान्से आहे: त्यात प्रेयसी त्याला जुने चांगले दिवस आठवून विचारते की मला विसरलास का. माणूस तोच, प्रसंग दुसरा. ऐकायला हरकत नाही, पण गुहेतलं गाणं म्हणून ऐकू नका.

दुसरी अडचण म्हणजे कादंबरीतल्या प्रत्येक गाण्याची त्या काळातली चाल शब्दांसकट हाती नाही. मग आजचे कलाकार दोन गोष्टी करतात. एक तर त्याच मापाची दुसरी जुनी चाल लावतात; सगळ्या ओळी आठ अक्षरांच्या असल्याने ते बसतं, आणि त्या काळीही लोक हेच करत. नाहीतर पुढे लोकांकडून गोळा केलेल्या चाली वापरतात. १४९२ मध्ये स्पेनमधून हाकललेल्या ज्यूंनी ही गाणी सालोनिका, इस्तंबूल, मोरोक्कोपर्यंत नेली आणि शतकानुशतकं जपली. खुद्द स्पेनमध्ये १९०० साली रामोन मेनेन्देस पिदाल आणि मारिया गोइरी लग्नानंतरच्या प्रवासात ओस्मा गावी थांबले, तेव्हा एका कपडे धुणाऱ्या बाईने त्यांना राजपुत्र हुआनच्या मृत्यूचं रोमान्से म्हणून दाखवलं. राजपुत्र वारला १४९७ साली; चारशे वर्षं हे गाणं कुठल्या जुन्या छापील संग्रहात न येता जिवंत होतं. अशा वेळी शब्दांचा जुनेपणा कळतो, चालीचा नाही. विसाव्या शतकात टिपलेली चाल सर्व्हान्तेसने ऐकली होती असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर मी तरी मान डोलावत नाही.

वाद्यांबद्दल सर्व्हान्तेसचा कान तिखट होता. मायसे पेद्रोच्या बाहुल्यांच्या खेळात गाइफेरोस आपल्या बायकोला, मेलिसेन्द्राला, मूरांच्या (स्पेनमधल्या मुसलमानांच्या) कैदेतून पळवतो आणि सान्सुएन्या शहरात धोक्याच्या घंटा वाजू लागतात. किहोते उठून खेळ थांबवतो: मूरांकडे घंटा नसतात, त्यांच्याकडे नगारे असतात आणि आपल्या चिरिमियासारखी दिसणारी एक जातीची दुल्साइना. चिरिमिया म्हणजे दुहेरी पातीचं सुषिर वाद्य, आपल्या सनईच्या कुळातलं. आक्षेप अगदी बरोबर आहे. आणि हा अचूक समीक्षक पुढच्याच क्षणी तलवार उपसून पुठ्ठ्याच्या मूरांची मुंडकी उडवतो.

सगळ्यांत बारीक नोंद मात्र किहोतेच्या स्वतःच्या वाद्याची आहे. दुसऱ्या भागाच्या शेहेचाळिसाव्या प्रकरणात तो आल्तिसिदोराला उत्तर द्यायला खोलीत ल्यूट ठेवायला सांगतो. रात्री येऊन पाहतो तर विहुएला ठेवलेली. तो काही बोलत नाही. पडद्यांवरून हात फिरवतो, जमेल तशी लावतो, खाकरतो, थुंकतो आणि घोगऱ्या पण सुरात असलेल्या आवाजात त्याच दिवशी रचलेलं रोमान्से म्हणतो. (मग वरून मांजरांचं पोतं पडतं.) विहुएला दिसायला गिटारसारखी, जुळवणी ल्यूटची, दुहेरी तारांच्या सहा जोड्या, आतड्याच्या. १६१५ मध्ये ती मागे पडलेली होती. चारच वर्षं आधी कोवारुबियासने आपल्या शब्दकोशात हळहळ केली आहे की गिटार आल्यापासून विहुएला शिकणारे फार थोडे उरले, आणि गिटार म्हणजे गुरांच्या गळ्यातली घंटा, इतकी सोपी की घोडे सांभाळणारा प्रत्येक पोरगा गिटारवादक झालाय. पहिल्या भागातला फुशारकी मारणारा शिपाई विसेन्ते नेमकी तीच गिटार छेडतो आणि गावातल्या प्रत्येक फालतू गोष्टीवर दीड कोस लांब रोमान्से रचतो. म्हणजे पणजोबांच्या काळचं चिलखत घालणाऱ्या माणसाच्या हातात वाद्यही कालबाह्यच दिलं आहे, आणि ते तो बऱ्यापैकी वाजवतो.

काय ऐकावं? जोर्दी साव्हालने कादंबरीच्या चारशे वर्षांच्या निमित्ताने २००५ साली कादंबरीतले रोमान्से आणि त्या काळचं संगीत प्रकरणांच्या क्रमाने एकत्र केलं. मोन्सेरात फिगेरासचा आवाज त्यात आहे. सुरुवातीला तेच घ्या, कादंबरी शेजारी उघडी ठेवून. माझी एक तक्रार राहते: साथ फार श्रीमंत आहे. दुसऱ्या भागाच्या त्याच नवव्या प्रकरणात पहाटे एक शेतकरी खेचरं हाकत 'रोन्सेसव्हायेसला तुमची वाईट गत झाली, फ्रेंचांनो' म्हणत जातो. किहोतेला तो अपशकुन वाटतो, सांचो म्हणतो, कालाइनोसचं (आणखी एक जुनं रोमान्से) गाणं म्हणत असता तरी आपल्याला काय फरक पडला असता. त्या शेतकऱ्यामागे वाद्यवृंद नव्हता. म्हणून सोबत नुसती विहुएला आणि एक आवाज अशी रेकॉर्डिंग शोधा, विशेषतः नारवाएसचं मूर राजाचं गाणं, 'पासेआबासे एल रेइ मोरो', आलामा हे त्याचं शहर हातचं गेल्याची बातमी राजाला कळते ते. मान्वेल दे फायाचा १९२३ चा बाहुल्यांच्या खेळावरचा छोटा ऑपेरा ऐका, पण जुनं संगीत म्हणून नव्हे. ती विसाव्या शतकातली उत्तम रचना आहे.

गिटारवर नक्की वाजवता येईल. तिसरी तार 'जी' सुरावरून अर्धा सूर उतरवून 'एफ शार्प' करा. झाली विहुएलाची जुळवणी. मूळच्या उंचीजवळ जायचं असेल तर तिसऱ्या पडद्यावर कॅपो. बावीस रूपभेदांवर लगेच उडी मारू नका. आधी नारवाएसचंच 'गुआर्दामे लास वाकास' बसवा, मग क्लारोसमधले पहिले पाच-सहा. त्याच्या पुस्तकाची जुनी छापील पानं इंटरनेटवर फुकट मिळतात आणि तक्ता आकड्यांचाच असल्याने गिटारवाल्याला ओळखीचा वाटतो. फक्त तो उलटा आहे: सगळ्यात वरची रेघ म्हणजे सगळ्यात जाड तार. मिलान एकटा आजच्यासारखं लिहितो, वरची रेघ म्हणजे बारीक तार. दोन्ही पुस्तकं एकाच आठवड्यात उघडू नका.